दोन तास दहा मिनिटं

त्याला सगळे मिनिटराव म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. "जेवलास का?" असं विचारल्यावर "आठ मिनिटांत जेवतो" असं उत्तर देणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? त्याचं कामच तसं होतं. विमान निघण्याआधी अंतर, वारा, माणसांचं आणि सामानाचं वजन बघायचं, किती इंधन लागेल आणि किती वेळ लागेल ते काढायचं, आणि विमान उतरेपर्यंत रेडिओपाशी बसून राहायचं. विमानतळ केवढासा, तर एक धावपट्टी, एक पत्र्याची शेड, प्रवाशांसाठी एक लांबरुंद दालन आणि दालनाच्या कडेला त्याची खोली. खोलीच्या खिडकीतून धावपट्टी दिसे आणि तिच्या पलीकडे राखाडी आभाळ. ते आभाळ निळं झालेलं कुणाला आठवत असेल तर त्याने पुढे येऊन सांगावं, असं तिथले लोक थट्टेने म्हणत.

दिवसाला एकच विमान यायचं. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला असंच एक लहान गाव आणि असाच एक लहान विमानतळ होता. तिथून ते सकाळी निघे, दुपारच्या आत इथे उतरे आणि थोडं थांबून परत जाई. पंख्याचं, अठरा माणसांचं विमान. मधोमध अरुंद वाट, वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची, अशा नऊ रांगा. अंतर एक हजार चाळीस किलोमीटर आणि वेळ दोन तास दहा मिनिटं. रस्त्याने किंवा आगगाडीने डोंगरांना वळसे घालत जायला दोन रात्री मोडायच्या. मिनिटरावला त्या दोन तास दहा मिनिटांचं फार कौतुक होतं. विमान त्याने बांधलेलं नव्हतं, चालवतही दुसरेच होते, पण हा आकडा त्याचा होता, आणि तो कधी चुकत नसे.

या आकड्यावर आता त्याचं घरचं गणितही अवलंबून होतं. बायको बाळंतपणासाठी आपल्या आईकडे गेली होती, त्या दुसऱ्या टोकाला. मुलगी झाली. पाच महिन्यांची झाली तरी बापाने तिला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. त्याच्या खुर्चीत बसायला दुसरं कुणी नव्हतं आणि रजेचा अर्ज वर कुठेतरी झोपला होता. रोज सकाळी बायको फोनच्या पडद्यावर मुलगी दाखवायची. ठकी म्हणत तिला. ठकी हसली की नुसत्या गुलाबी हिरड्या दिसायच्या. मग तो पुढचा अर्धा दिवस कामात कुणाशी धड बोलत नसे.

सासरे म्हणाले होते की मी दोघींना आगगाडीने घेऊन येतो, सावकाश येऊ. त्याला मोडता घातला मिनिटरावनेच. एवढ्याशा जीवाला दोन रात्री कशाला हिंदकळवायचं? विमानाने या. डोळा लागायच्या आत पोचाल.

*

विमानात, पुढच्या भिंतीवर, प्रवाशांना दिसेल असं एक गोल घड्याळ होतं. त्या घड्याळाची एक जुनी कटकट होती. या बाजूला येताना ते पुढे जायचं. आधी दोनचार मिनिटं, मग दहाबारा. परत जाताना मात्र सरळ चालायचं. कॅप्टन रोज तक्रार लिहायचा, मेकॅनिकने सेल बदलला, मग घड्याळच बदललं, तर नवंही तसंच. तक्रारींचे कागद साचायला लागले तेव्हा मिनिटरावने एक साधा नियम करून टाकला. विमान उतरलं की कॅप्टनने खालच्या वेळेशी घड्याळ मिळवून घ्यायचं आणि विषय संपवायचा. लिहायची गरज नाही. कॅप्टनने सुटकेचा निःश्वास टाकला. तेव्हापासून विमान थांबलं की तो पुढच्या बंद दारातून बाहेर यायचा, सवयीने घड्याळाचे काटे फिरवायचा आणि चहाला जायचा. घड्याळ किती पुढे गेलं होतं, हे त्यानंतर कुणी पाहिलंच नाही.

पहिल्यांदा कुरबुर केली ती मावशींनी. मावशी विमान आतून साफ करत. हाडाच्या कष्टाळू, जिभेच्या तिखट, आणि त्या विमानावर स्वतःच्या स्वयंपाकघरावर करावी तशी माया करणाऱ्या. मागच्या बाजूला लावलेला पिवळ्या फुलांचा पडदाही त्यांनीच निवडलेला. एक दिवस त्या मिनिटरावच्या खोलीत आल्या आणि चहाचा थर्मास त्याच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या की जरा उघडून बघा. त्याने उघडला आणि तोंड फिरवलं. आत हिरवट साय धरली होती. थर्मास त्याच दिवशी सकाळी तिकडून भरून आला होता.

तो म्हणाला की तिकडच्यांनी कालचाच पाठवला असेल, धुवायचा आळस. मावशी थर्मास उचलून घेऊन गेल्या. पण मग रोज काही ना काही घेऊन यायला लागल्या. सकाळचं वर्तमानपत्र, पण घड्यांवर फाटलेलं, हाताळून हाताळून फडक्यासारखं मऊ झालेलं. नुकती ठेवलेली अख्खी साबणाची वडी झिजून उरलेला पातळ तुकडा. आणि एकदा, मुठीत धरून आणलेली कापलेली नखं.

"एका माणसाची नाहीत," मावशी म्हणाल्या. "जवळजवळ प्रत्येक खुर्चीखाली होती. दोन तासांच्या प्रवासात सगळ्यांनाच नखं काढायची आठवण होते का हो?"

लोक घाणेरडे असतात, एवढंच तो म्हणाला. त्याने इंधनाचा हिशोब पाहिला. थेंबभराचाही फरक नव्हता. विमान दोन तास दहा मिनिटं उडालं होतं, त्याहून क्षणभर जास्त उडण्याइतकं इंधन जळलंच नव्हतं. प्रवासी हसत उतरत होते, सामान घेत होते, घरी जात होते. कुणाची तक्रार नव्हती. ज्याची तक्रार नाही ते घडलंच नाही, असं मानायची त्याला इतक्या वर्षांत सवय लागली होती.

*

बायको येणार त्याच्या आदल्या दिवशी तिकडच्या कारकुनाचा फोन आला. एक म्हाताऱ्या बाई विणकामाच्या सुया घेऊन चढायचं म्हणतायत, लोखंडी आहेत, चढू देऊ का, अशी त्याची अडचण. मिनिटराव हसला. विणकाम कितीसं झालंय, असं त्याने सहज विचारलं. दोन बोटं, कारकून म्हणाला, नुसती किनार आहे, राखाडी लोकर. चढू दे बिचारीला, मिनिटरावने सांगितलं.

विमान वेळेवर उतरलं. बाईंना बघायला तो मुद्दाम दालनात जाऊन उभा राहिला. बाई आल्या. अंगात राखाडी स्वेटर होता, पुरा, गळ्यापर्यंत. छान झालाय, त्याच्या तोंडून निघून गेलं. बाई खूश झाल्या. जुनाच आहे हो, म्हणाल्या, आता टाकायला झालाय. आणि त्यांनी कौतुकाने हात पुढे केला. स्वेटरची कोपरं झिजली होती. एका कोपरावर तर दुसऱ्या रंगाच्या धाग्याने रफू केलेलं होतं.

तो कितीतरी वेळ दालनात तसाच उभा राहिला. बाईंना न्यायला आलेली त्यांची सून म्हणत होती की अहो आई, किती वाळलात, परवा तर फोनवर चांगल्या दिसत होतात.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने विमानतळावरून फोन केला. पडद्यावर ठकी होती, टोपडं एका कानावर सरकलेलं. तिने बापाकडे पाहून हिरड्या दाखवल्या. त्याने पडद्याचा फोटो काढून ठेवला, रोजच काढायचा तसा. बायकोने मानेपर्यंत कापलेले केस कानामागे सारले.

"काय रे, चेहरा का असा? येऊ ना?"

त्या वेळी तो बोलला असता तर ती फिरली असती. सासरे अजून बाहेरच उभे होते, दोन रात्रींचा तर प्रश्न होता. पण सांगायचं काय? चहाला बुरशी येते, म्हाताऱ्या बाईंचं कोपर झिजलंय? ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना मिनिटांवरून टोकलं, त्याने आता असलं काही तोंडाने म्हणायचं? त्याला लाज वाटली. खरं कारण एवढंच होतं, आणि ते त्याला त्याच क्षणी ठाऊक होतं.

"ये," तो म्हणाला. "दोन तास दहा मिनिटं. गप्पा मारत ये कुणाशी तरी."

विमान निघाल्याचा निरोप आला. मिनिटराव रेडिओपाशी बसला. वारा मागून होता, आभाळ भरलेलं पण शांत होतं. त्याने हिशोब पुन्हा केला. आकडा तोच आला. पुन्हा केला. मावशी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आज कोण येतंय ते त्यांना माहीत होतं. त्या आत आल्या नाहीत आणि गेल्याही नाहीत.

अर्ध्या वाटेवर कॅप्टनने ठरल्याप्रमाणे जागा कळवली. जिथे असायला हवं होतं तिथेच विमान होतं. मागे सगळं ठीक ना, मिनिटरावने विचारलं. असं तो कधी विचारत नसे. 

"मागे शांत आहे. दार बंदच असतं आमचं. कुणीतरी गातंय बाळासाठी."

मिनिटरावने हुश्श केलं. बायको गात असणार. तिला एकच अंगाई येत होती आणि तीही धड सुरात नाही. त्याने मावशींकडे बघून मान हलवली. मावशींच्या कपाळावरची आठी गेली नाही.

थोड्या वेळाने रेडिओ पुन्हा खरखरला.

"जरा उतरल्यावर प्रवाशांना समज द्यायला हवी," कॅप्टन वैतागून म्हणाला. "मघापासून एक पोर पळतंय वाटेतून. इकडून तिकडे, तिकडून इकडे. धपधप नुसती."

"लहान मूल एकच आहे विमानात," मिनिटराव म्हणाला.

"तेच असेल मग."

"ते पाच महिन्यांचं आहे."

 मग कॅप्टन म्हणाला की आता थांबलंय, आणि उतरायची तयारी सांगू लागला.

*

विमान वेळेवर उतरलं.

पंखे थांबले. शिडी लागली. मिनिटराव शिडीच्या पायथ्याशी उभा होता. त्याच्यामागे मावशी झाडू घेऊन उभ्या होत्या.

माणसं उतरू लागली. नेहमीसारखी, खांद्याला पिशव्या अडकवून, आभाळाकडे बघत. एकाचे केस पांढरे होते आणि टोकाला काळा कलप उरला होता. सोळासतरा वर्षांच्या एका मुलाची पँट घोट्याच्या बरीच वर गेली होती.

मग बायको आली. केस कमरेपर्यंत आले होते, सैलसर वेणी घातली होती. कडेवर मूल होतं.

मुलाचे पाय तिच्या मांडीपर्यंत लोंबत होते. डोक्यावर दाट केस. अंगात पिवळ्या फुलांचा फ्रॉक, हाताने शिवलेला, बारीक नीट टाक्यांचा. त्या फुलांकडे मावशी बघतच राहिल्या.

"धर बाबा हिला," बायको हसून म्हणाली. "हात भरून आले माझे. काय वजन झालंय."

त्याने ठकीला घेतलं. इतके महिने ज्यासाठी जीव टाकला ते ओझं त्याच्या हातात आलं, आणि ते जड होतं. ठकीने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, परक्या माणसाकडे पाहतात तसं. तिने जांभई दिली. दोन्ही ओळींत दात होते.

"किती वेळ लागला?" त्याने विचारलं. 

"असं काय विचारतोस? तूच तर सांगितलंस. दोन तास दहा मिनिटं."

त्याने एका हाताने फोन काढला, सकाळचा फोटो तिच्यापुढे धरला. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि तिचा चेहरा मऊ झाला.

"अगं बाई, किती जुना फोटो काढलास," ती म्हणाली. "केवढीशी होती नाही?"

शेवटी एक सुतार उतरला. हातात घडीची लाकडी मोजपट्टी, कानामागे चपटी पेन्सिल, पन्नाशीचा माणूस. तो त्यांच्याजवळून पुढे गेला. ठकी एकदम वळली. तिने दोन्ही हात त्याच्या पाठीमागे पसरले, बापाच्या छातीला पायांनी रेटा दिला आणि ओठ काढले. रडली नाही. नुसते हात पसरून राहिली.

सुतार थांबला, वळून पाहिलं. काहीतरी विसरलंय पण काय ते आठवत नाही, असा त्याचा चेहरा झाला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने ते बाहीने पुसले, ओशाळून हसला आणि बाहेर निघून गेला.

कोण होता तो, मिनिटरावने विचारलं.

"कोण जाणे. शेजारच्या खुर्चीत होते वाटतं," बायको म्हणाली. "फार बोललो नाही आम्ही."

मावशी विमानातून खाली आल्या. मागचा पडदा नाही, एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्यामागून कॅप्टन चहाकडे निघाला. आज घड्याळ बघायचं राहून गेलं हे मिनिटरावला तेव्हा आठवलं. कॅप्टनला विचारलं तर तो म्हणाला, मिळवलं की, नेहमीसारखं. किती पुढे होतं? ते कोण बघतं, कॅप्टन म्हणाला, तूच सांगितलंयस ना बघायची गरज नाही म्हणून.

*

सामान यायला वेळ होता. दालन रिकामं झालं होतं. लांबरुंद, गुळगुळीत फरशी, एकही खुर्ची मध्ये नाही. मिनिटरावने ठकीला खाली ठेवलं. धरून ठेवलं नाही तर ती पडेल, असं त्याला वाटत होतं. हात पुढे करूनच तो वाकून उभा राहिला.

ती पडली नाही. ती चालू लागली.

एवढं मोठं दालन, पण ती इकडेतिकडे गेली नाही. हात अंगाशी घेऊन, सरळ एका अरुंद रेघेत चालली. दोन पावलं टाकून थांबली. मान वर करून डावीकडे हसली, मग उजवीकडे हसली. पुन्हा दोन पावलं. पुन्हा डावीकडे, उजवीकडे. कुणाकुणाला ती ओळखत होती. एका ठिकाणी तिने हात पुढे करून काहीतरी घेतलं आणि तोंडात घातल्यासारखं केलं.

बायको कौतुकाने बघत होती. चालायला कधी शिकली ही, असं तिने विचारलं नाही.

नवव्या थांब्यापाशी ठकी वळली. पुढे अर्धं दालन शिल्लक होतं. तिथे भिंत असावी तशी ती वळली आणि त्याच रेघेवरून परत आली. मध्यावर एके ठिकाणी थांबली, उजवीकडे वळून तिने दोन्ही हात वर केले. उचलून घ्यायला. समोर कुणी नव्हतं. ती हात वर करून, मान वर करून, हसत उभी राहिली. दमली नाही, कंटाळली नाही. तिथून तिला नेहमी कुणीतरी उचलून घेत असलं पाहिजे.

मिनिटरावला ते बघवेना. तो गेला आणि बरोबर त्या जागी, तिच्यासमोर, गुडघ्यांवर बसला. हात पसरले.

ठकीचं हसू थांबलं. तिने हात खाली घेतले. आणि पुढचा माणूस बाजूला झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही हे जन्मापासून ठाऊक असल्यासारखी, तो उठायची ती शहाण्यासारखी वाट बघत राहिली.